यादीतला एक अपवाद

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. पोर्तो अलेग्रेतल्या त्यांच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या मंडळातले एवारिस्तो त्यांचा संगणक प्रदर्शनात ठेवायला न्यायला आले. त्यातला प्रत्येक प्रोग्राम बाबांनी मूळ कोडपासून स्वतः तयार केलेला होता. काय घ्यायचं, काय वगळायचं हे एकेक ठरवून. ज्याचा कोड खुला नाही, त्याचा परवाना ते स्वीकारत नसत.

एवारिस्तोंनी संगणकातली, बाबांनी स्वीकारलेल्या परवान्यांची यादी उघडली आणि ते खदखदून हसले.

"हे बघ! आम्हाला वीस वर्षं शिव्या घातल्या, आणि स्वतः? बंद कोडचा व्हिडिओ कॉल!"

यादीत तेवढाच अपवाद होता. त्यावर बाबांची टीप होती : 'जुरेमासाठी. ती लिस्बनला गेली.'

जुरेमा मीच. 'तत्त्वं धरून बसा, माझं तोंड दिसणार नाही,' असं मी तेव्हा त्यांना सुनावलं होतं.

"ही ओळ पुसतो. लोक थुंकतील त्याच्यावर."

"हात लावू नका."

"पोरी, त्याचं नाव राखतोय मी."

"नाव तुमच्या मंडळाचं राखताय. ओळ माझी आहे."

मी प्लग काढला. टेबलावरचा त्यांचा थर्मास उचलून त्यांच्या काखेत खोचला.

"या आता, काका."