एरुतचा कंद

आमोनी तळ्याकाठची पोर. लग्न होऊन चार महिने झाले नव्हते, तोवर सासूनं, अपेरितनं, तिला पेचात टाकलं.

"तुझा बाप येतोय दुपारी. नदीतल्या खड्ड्याचं पाणी नुसता चिखल झालंय. जा, एरुतचा कंद आण, म्हणजे नितळेल. बापाला गढूळ पाजलंस तर म्हणेल, कुठं देऊन बसलो पोरीला."

एरुतचं झुडूप घराजवळच सापडलं. पण कंद किती घ्यायचा? घरी जाऊन विचारावं तर पुन्हा 'तळ्याकाठची मासेखाऊ, हिला काय ठाऊक' म्हणून ऐकून घ्यायचं. त्यापेक्षा खणलेलं बरं. आमोनीनं मांडीएवढा कंद अख्खा उपटून घरी आणला.

तो बघून अपेरितनं कपाळाला हात लावला. "अगं बाई, बोटभर तुकडा कापायचा आणि माती लोटून झुडूप जगवायचं. वीस वर्षं पाणी नितळवलं त्यानं."

आमोनीला वाटलं, आता हे बापासमोर निघणार, तोही तोंड दाखवायला जागा उरली नाही म्हणत परत जाणार.

बाप आला. कंदाचा तुकडा फिरवून नितळलेलं वाडग्यातलं पाणी घटाघट प्यायला. "गोड लागतंय की. आमच्या पोरीला जमलं हे?"

"न जमायला काय झालं, व्याही? कंद तिनंच आणला," अपेरित म्हणाली. "हात जरा सढळ आहे पोरीचा, एवढंच."

आमोनीचा जीव भांड्यात पडला. पण ऊन कलल्यावर बाप वाटेला लागला आणि सासूनं खणायची काठी उचलली. "चल माझ्यासंगं."

आता आपली काही खैर नाही, असं समजून ती मागं गेली. टेकाडापलीकडे, खडकांच्या आड, दुसरं एरुत होतं, पिकल्या नारिंगी फळांनी लगडलेलं.

"हे माझ्या सासूनं मला दाखवलं. पोटच्या पोरींनाही कधी दाखवलं नाही तिनं."

"तुम्हाला कधी दाखवलं, आई?"

"मी घराजवळचं झुडूप मुळासकट उपटून आणलं, त्या दिवशी." अपेरितनं तिच्या हातावर एक फळ ठेवलं. "आज तू उपटलंस ना, ते मी मग त्याच खड्ड्यात लावलेलं. खा आता. बिया थुंकू नकोस, जाताना त्याच खड्ड्यात पुरायच्यात. आणि ही काठी धर, माझी कंबर गेली."

आमोनीनं एका हातात काठी घेतली आणि दुसऱ्या मुठीत बिया घट्ट धरल्या.