चार बोटं उंच

मित्रांनो, मी एक जुनी एटीव्ही आहे. म्हणजे मोटरसायकलीला चार चाकं फुटली आणि जीपचं छप्पर कुणीतरी नेलं, तसं काहीतरी. कारखान्यात माझ्या अंगावर डोंगर चढणाऱ्या माणसाचं चित्र चिकटवलं होतं. डोंगर मी अजून पाहिलेला नाही. उमेदीची वर्षं किनाऱ्यावर पर्यटकांना गोल गोल फिरवण्यात गेली. जिथून निघायचं, तिथेच पोचायचं! माझा जीव आधीच उतावळा. उभी असले तरी आतून धडधडत असते.

पुढे सातपाटीच्या हितेशने मला घेतलं, त्याच्या आईसाठी. ओहोटीला बोटी दूर गाळात टेकतात. जी कोळीण तिथे आधी पोचेल, तिला विकायला चांगलं पापलेट. जमुनाबाय वर्षानुवर्षं आधी पोचायची. मग तिचा डावा गुडघा मागे राहू लागला. बाकीची जमुनाबाय पोचायची, तो यायचा नाही. म्हणून मी आले. काय कौतुक झालं माझं! हार घातला, लिंबू बांधलं.

पण टायर झिजून साबणाच्या वडीसारखे झाले आणि एक दिवस मी गाळात बसले. भरतीचं पाणी चाकांना लागलं तेव्हा बायकांनी दोर लावून मला ओढलं.

"परत रुतली तर मी धंदा सोडनार," जमुनाबाय म्हणाली. "घरी बसून मालिका बघन."

तिच्या तोंडून हे ऐकून हितेश घाबरला. दुसऱ्याच दिवशी आम्ही बोईसरला प्रीतमच्या गॅरेजात.

रुंद, गुळगुळीत टायर वाळूचे. बारीक खाचांचे रस्त्याचे. मोठ्या दातांचे चिखलाचे. हितेशने दातांत बोटं घालून पाहिली.

"ये लगाओ भाई," प्रीतम म्हणाला. "हाथी भी निकल जाएगा."

"आमच्या गावात हत्ती नाय."

"तो और आसान."

टायर ठरले. इथेच थांबायचं होतं. पण माझं पोट गाळाला घासतं, म्हणून हितेशने गाडी उंच करणारं लिफ्ट किटही बसवून घेतलं. चार बोटं उंच झाले मी! त्याने गाळ मोजला, बर्फ मोजला, टोपल्यांचं वजन मोजलं. आईचा गुडघा तेवढा मोजायचा राहिला.

सकाळी जमुनाबायने पाय उचलला. पाय पोचेना.

"तू तरनी झालीस गो," ती मला म्हणाली. "मी नाय झाली."

शेजारच्या नर्मदाने माशांचा क्रेट उलटा ठेवला. त्यावरून जमुनाबाय चढली. नव्या टायरांनी मी गाळ असा कापला की सगळ्यांत आधी पोचलो. पापलेट मिळालं. पण परतताना चढायचं कसं? क्रेट राहिला किनाऱ्यावर! पाणी वाढत होतं आणि मी जागच्या जागी धुमसत होते. शेवटी चार जणींनी जमुनाबायला टोपलीसारखी उचलली आणि माझ्यावर ठेवली.

"बर्फ घालू का?" नर्मदाने विचारलं.

सगळ्या हसल्या. जमुनाबाय हसली नाही. घरी पोचल्यावर तिने तराजू धुऊन माळ्यावर ठेवला. "उद्यापासून मी नाय येनार," एवढंच बोलली.

हितेश जेवायलाही बसला नाही. मला घेऊन थेट बोईसर.

"सब ऊपर उठाते हैं, तुम नीचे?" प्रीतमला कळेना.

"आईला बसायचंय," हितेश म्हणाला. किट निघालं, टायर राहिले.

पहाटे त्याने मला दारात उभं केलं. जमुनाबायने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पाय उचलला. पोचला. ती बसली, मग पुन्हा उतरली. माझी धडधड थांबेना. आता काय बिनसलं?

"थांब रं," ती हितेशला म्हणाली. "तराजू राहिला माळ्यावर."

मित्रांनो, पोट अजून थोडं घासतं, पण मी रुतत नाही. एवढंच मागणं आहे: आमच्यासारख्यांना उंच करण्याआधी आमच्यावर बसणार कोण, ते बघा. आणि आता जरा बाजूला व्हा. ओहोटी लागलीय.