होकाराची वही

“मला फक्त एवढंच सांगा, बाबा हे कधी म्हणाले?” फोनवरच्या बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं. “आज पेपरात कंपनीच्या पन्नास वर्षांची बातमी आलीय ना, तिच्यात शेवटी बाबांचं बोलणं आहे. ‘या कंपनीनं मला नोकरी नाही, कुटुंब दिलं. माझी मुलगी शिकून मोठी झाली, तिचा मला फार अभिमान आहे.’ बाबा तिथं पंपमिस्त्री होते. त्यांना जाऊन दहा महिने झाले.”

होकारबुवांच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं.

“तक्रार नाहीये हो माझी,” बाई घाईघाईनं म्हणाल्या. “उलट... बाबांनी जन्मात माझं कौतुक केलं नाही. वर्गात पहिली आले तरी ‘बरं’ म्हणायचे. सकाळपासून चारदा वाचलं मी. तुमच्याकडे टेप वगैरे असेल का? त्यांच्या आवाजात ऐकायचं होतं.”

“मी बघतो ताई, बघून फोन करतो,” एवढं कसंबसं बोलून त्यांनी फोन ठेवला. बघणार काय, कपाळ! मेलेला माणूस पेपरात बोलला होता आणि त्याची टेप मागायला लेक आली होती.

होकारबुवा हे नाव त्यांना ऑफिसनं चिकटवलेलं. जनसंपर्काचं ऑफिस, कंपन्यांच्या बातम्या लिहायच्या आणि पेपरांना धाडायच्या. बातमी म्हटली की तिच्यात कुणाचं तरी बोलणं लागतं, आणि बोलायला मोठ्या माणसांना वेळ नसतो. मग लिहिणाराच दोन वाक्यं रचतो. या धंद्यात सगळेच रचतात, होकारबुवाही बत्तीस वर्षं रचत आले होते. पण त्यांची एक खोड होती. रचलेलं वाक्य ते त्या माणसाला फोनवर वाचून दाखवायचे आणि तो ‘हो’ म्हणेपर्यंत बातमी अडवून धरायचे. मग लांबट वहीत तारीख, वेळ, माणूस काय काय बोलला ते सगळं, आणि शेवटी ‘होकार’. अशा तेवीस वह्या त्यांच्या कपाटात होत्या. “वाक्य माझं असेल, पण हो त्यांचा आहे,” असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे. बायको तर म्हणायची, “सगळ्या जगाचा होकार घेत फिरता, लग्नाच्या वेळी मला कुणी विचारलं होतं का?”

मग आठ महिन्यांपूर्वी ते यंत्र आलं. विषय सांगायचा अवकाश, बातमी तयार. लिहिणारे अकरा होते, तीन उरले. कपाटातल्या बत्तीस वर्षांच्या बातम्या त्याला खाऊ घातल्या. वह्या तेवढ्या बचावल्या, कारण बुवांचं अक्षर बुवांनाच लागायचं. परिणाम असा, की यंत्र बोलायचं थेट बुवांसारखं. ‘नोकरी नाही, कुटुंब’ हे त्यांचंच ठेवणीतलं वाक्य होतं! लोक म्हणतात उचलली जीभ, लावली टाळ्याला. याला तर जीभही नव्हती आणि टाळूही नव्हती, तरी बोलायला कमी नाही. बुवांचं काम एकच उरलं होतं: आलेली बातमी वाचायची आणि ‘पाहिले’ या चौकोनात खूण करायची.

त्यांनी कालची यादी उघडली. चौसष्ट बातम्या. मिस्त्रींची एकेचाळिसावी. पुढं खूण, खुणेपुढं त्यांचं स्वतःचं नाव.

म्हणजे चिडायचीही सोय उरली नव्हती. तरी ते चिडले आणि तसेच मॅडमच्या केबिनमध्ये शिरले.

“मॅडम, हा माणूस मेलाय!”

“कोण, काका?” मॅडमनी स्क्रीनवरून नजर न हलवता विचारलं. ऑफिसच्या प्रमुख, वयानं बुवांच्या पुतणीएवढ्या, हुशार, गोड बोलणाऱ्या. त्यांचं ते ‘काका’ ऐकलं की बुवांचं अर्धं रक्त उगाच आटायचं.

बुवांनी सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला.

“म्हणजे मुलगी खूश आहे?”

“खूश आहे म्हणून तर घोटाळा आहे!”

“काका, ताण घेऊ नका. टेप नाही सांगा, पण आमच्याशी बोलले होते म्हणावं. तिला बरं वाटेल, कंपनीला बरं वाटेल. कुणाचं काय बिघडलं?”

“पण ते बोललेच नाहीत!”

“तुम्ही तरी आयुष्यभर काय केलंत? वाक्यं रचलीतच ना?”

हे मात्र वर्मी लागलं. “रचली,” बुवा म्हणाले, “पण विचारल्याशिवाय एक पाठवलं नाही. दुरुस्ती छापायला हवी, मॅडम.”

“दुरुस्ती दिली तर कंपनी आपल्याला सोडून जाईल. आणि कुणी पाहिलं होतं असं विचारतील, तेव्हा नाव तुमचं येईल, माझं नाही,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “दीड वर्ष राहिलंय तुमचं. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

खोटं नव्हतं त्यात काही. म्हणूनच बुवा आणखी भडकले आणि दार जरा जोरातच लावून बाहेर आले.

जागेवर आल्यावर त्यांनी कपाट उघडलं. धाकधूक अशी होती, की आपण या मिस्त्रींशी कधी बोललोच नसू. कंपनीला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची बातमी त्यांनीच केली होती, एवढं आठवत होतं. सातवी वही, आठवी वही. धुळीनं चार शिंका आल्या. नवव्या वहीत पान सापडलं आणि ते उभ्याउभ्याच वाचू लागले. मग खाली बसले. त्यांना मिस्त्री आठवले. चेहरा कधी पाहिला नव्हता, पण आवाज आठवला, घाईतला आणि वैतागलेला. बत्तीस वर्षांत बुवांचं वाक्य तोंडावर परत करणारा तो एकटाच.

त्यांनी फोन लावला.

“ताई, टेप नाही. आणि पेपरातलं ते बोलणं तुमच्या वडिलांचं नाही. यंत्रानं लिहिलं आणि मी न बघता पुढं पाठवलं. चूक माझी आहे.”

बुवांना वाटलं, आता बाई फोन ठेवणार. ठेवला असता तर बरंच झालं असतं.

“म्हणजे अभिमान वगैरे...” बाई म्हणाल्या.

“नाही.”

“तरीच,” त्या म्हणाल्या. हसल्यासारख्या, पण आवाज फुटला. “मला कळायला हवं होतं. बाबा आणि असं बोलणार!”

बुवांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. “पण ते खरंच जे बोलले, ते माझ्याकडे लिहिलेलं आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचं. वाचू?”

“वाचा.”

“सकाळी सात वीस, घरच्या फोनवर. मी त्यांना वाचून दाखवलं होतं, ‘कंपनी हेच माझं कुटुंब.’ त्यावर ते म्हणाले...” बुवांनी चष्मा सारखा केला. “म्हणाले, ‘हे लिहू नका. कुटुंब घरी आहे, कंपनी ती कंपनी. आणि लवकर आटपा साहेब. पोरीची आज परीक्षा आहे, सायकलवरून सोडायचंय. रात्रभर जागून अभ्यास केलाय तिनं, माझ्यापायी उशीर नको व्हायला.’ पुढं मी लिहिलंय, फोन ठेवला.”

बुवांच्या समोरच्या स्क्रीनवर बातम्या येऊन पडत होत्या. आजची यादी सदतीसवर गेली.

“सात चाळीसला फाटक बंद व्हायचं शाळेचं,” बाई हळूच म्हणाल्या. “उभ्यानं पायडल मारत होते. सदरा घामानं भिजला होता. मी मागं बसून त्यांच्यावरच चिडले होते, फोनवर कशाला बोलत बसलात म्हणून.”

“पोचलात का?”

“पोचलो.” त्यांनी नाक ओढलं. “मी रात्रभर जागले हे त्यांना माहीत होतं? मी तर दिव्यावर फडकं टाकून बसायचे, त्यांची झोपमोड नको म्हणून.”

“माहीत असल्याशिवाय कसे बोलतील?”

त्या रडत होत्या. बुवांनी रडू दिलं.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, “ताई, मी दुरुस्ती पाठवणार आहे. हे त्यांचं खरं बोलणं तिच्यात छापू का? तुम्ही हो म्हणालात तर.”

“नको,” बाई म्हणाल्या. “बाबा काही बोलले नव्हते, एवढंच छापा. हे घरचं आहे.”

फोन ठेवून बुवांनी कोरा कागद घेतला आणि दुरुस्ती हातानं लिहिली. तीन ओळी झाल्या. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. केबिनच्या काचेआडून मॅडम त्यांच्याकडे बघत होत्या.

मग त्यांनी नववी वही पुन्हा ओढली. त्या पानाच्या तळाशी लाल शाईत एकच शब्द होता. त्याच्याखाली त्यांनी आजची तारीख घातली, वेळ घातली, ‘मिस्त्रींची मुलगी’ असं लिहिलं आणि पुढं बापाच्या नोंदीतला तोच शब्द लिहिला: नकार.