रुखमाबाईंच्या ओव्या

मित्रांनो, मी आता जुना झालेला टेपरेकॉर्डर आहे. नागपुरातल्या महाल भागात मुलींची एक शाळा आहे. तिथे नकाशांच्या कपाटात मी राहतो. माझा रबरी पट्टा सैल झाला आहे, त्यामुळे मी कधीकधी अडखळत बोलतो.

एक्क्याऐंशी साली शाळेने मला आणले, तेव्हा मला बघायला मुली दाराशी दाटल्या होत्या. मराठी शिकवणाऱ्या शोभाताई मला दोन्ही हातांनी उचलून वर्गात नेत. मुली कविता म्हणत, मी ती टिपून ऐकवत असे. "बाई, हा माझा आवाज नाहीच," असे म्हणून एखादी तोंडाला रुमाल लावी. ते दिवस मला फार आठवतात.

सातवीत गोपिका होती. ती भिवापूरची, मावशीकडे राहून शिकत होती. एकदा तिच्या आई रुखमाबाई तिला भेटायला शाळेत आल्या. शोभाताईंनी त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणायला सांगितल्या.

"मशीनीपुढं काय म्हणू बाई, मले लाज वाटते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"लेक शिकाले गेली गं, नागपुराच्या शाळेत, तिच्या वाटेची धूळ गं, माझ्या दोन्ही डोळ्यांत."

जाडाभरडा, पण उबदार आवाज होता तो. त्यानंतर मी शेकडो आवाज टिपले. तसा एकही भेटला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रुखमाबाईंच्या घशाचे ऑपरेशन झाले. त्या वाचल्या, पण त्यांचा आवाज कायमचा गेला. तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर शोभाताई गोपिकाला ओव्यांची ती कॅसेट ऐकवत. ती माझ्या जाळीला कान लावून बसे.

एका मधल्या सुट्टीत मी वर्गातच राहिलो. वर्गप्रमुख प्रेमिला दोन मैत्रिणींना घेऊन आली. माझ्या पोटात कोणती कॅसेट आहे, हे तिने पाहिले नाही. कोणाला विचारलेही नाही. तिने आवाज टिपायचे लाल बटण दाबले आणि तिघी गाणी म्हणत खिदळू लागल्या. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. त्यांच्या हसण्याखाली एकेक ओवी पुसली गेली आणि मी गोल फिरत राहिलो.

शनिवारी गोपिकाने कान लावला, तर आतून हसणे आले. तिने कॅसेट उलटली, पुन्हा सुलटी केली.

सोमवारी प्रेमिला आपणहून गोपिकापुढे उभी राहिली. "मीच बटण दाबलं. कोणती कॅसेट आहे, मी पाहिलंच नाही."

"काहून नाही पाहिलं वं?" गोपिकाने विचारले.



दिवाळीआधी रुखमाबाई आल्या. आपला आवाज एकदा ऐकावा, म्हणून त्या इतक्या लांब आल्या होत्या. गोपिकाने त्यांना सारे सांगितले. मग त्यांनी बोटाने लेकीला खूण केली: तू म्हण.

प्रेमिलाने नवी कॅसेट आणली, शोभाताईंना दाखवली आणि मगच बटण दाबले. गोपिका म्हणू लागली. ती चुकली की आई मान हलवे आणि ओठांनी शब्द घडवून दाखवी. बाकावर बोटाने ठेकाही धरी. सगळ्या ओव्या झाल्यावर शोभाताईंनी कॅसेटच्या पाठीवरची इवलीशी पट्टी दाखवली. ती मोडली की त्या कॅसेटवर दुसरे काही भरता येत नाही. प्रेमिलाने ती स्वतः मोडली.

ती कॅसेट अजून माझ्याशेजारी आहे. तिच्यात लेकीचा आवाज आहे आणि त्यामागे आईच्या बोटाची टकटक आहे. ती टकटक आली की मी त्या पहिल्या आवाजाची वाट पाहतो. तो येत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझ्याहून हुशार यंत्रे येतील. त्यांनाही नाही म्हणता येणार नाही. म्हणून बटणावर बोट ठेवण्याआधी, आत कोणाचे काय ठेवले आहे, एवढे विचारा.