दुखलं तर सांगा

डॉक्टर सुनीतींनी संभाजीची मान मागे नेऊन डावीकडे कलती केली आणि डोक्यावर तळवे ठेवून हळूच खाली दाब दिला.

"दुखलं तर सांगा."

"न्हाई दुखत."

मुक्ताईनं कपाळावर हात मारून घेतला. चार महिन्यांत हा चौथा दवाखाना, आणि नवऱ्याचं चौथ्यांदा हेच! पहिल्या डॉक्टरनं खांद्याला मलम दिलं, दुसऱ्यानं ताकदीची इंजेक्शनं टोचली, तिसऱ्यानं छातीचा ईसीजी काढून गॅसच्या गोळ्या लिहिल्या. पण त्यांना तरी काय म्हणून बोल लावायचा? दवाखान्याची पायरी चढली की हा बाबा एकच सांगणार, "खांदा जरा भरून आलाय." घरी डाव्या हाताला मुंग्या येतात, अंगठा बधिर पडतो, चहाचा कप निसटतो, ते सगळं उंबऱ्याच्या आत. सांगून सांगून तिच्या जिभेला फोड यायची वेळ आली होती.

संभाजी मार्केट यार्डातला हमाल, तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला. त्यांच्या टोळीत कुणाची मान गेली, तर त्याला कुणी हाकलत नाही. त्याच्या वाट्याची पोती बाकीचे नऊजण उचलतात आणि तोंडातून ब्र काढत नाहीत. संभाजीला तेच नको होतं. त्यापेक्षा हाकललेलं परवडलं, असं तो एकदा म्हणाला होता.

"हातातून वस्तू पडतात का?"

"छे!"

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. "हाडं ठीक दिसतायत. दुखतही नाही म्हणता. मग मी काय अंदाजपंचे औषध देऊ? आत्ता या गोळ्या घ्या, दोन आठवड्यांनी या."

पुन्हा गोळ्या! मुक्ताई ताडकन उठली.

"बाई, परत एकदा दाबा. त्यांच्या तोंडाकडं बघू नका, ते तोंड मेलं तरी हलायचं न्हाई. पायाकडं बघा."

"ए, खाली बस," संभाजी गुरकावला.

डॉक्टरांनी पुन्हा दाब दिला. ट्रकला लावलेल्या फळीवरून ओझं घेऊन चढताना वळतात, तशी संभाजीच्या पायाची दहाही बोटं फरशीवर वळली.

"कळ कुठपर्यंत गेली?" डॉक्टरांनी हात काढून घेत विचारलं.

संभाजीनं पायाची बोटं सरळ केली. मग म्हणाला, "अंगठ्यापातुर."

"मानेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जातेय, असं वाटतंय. एमआरआय केला की नक्की कळेल. तोवर ओझं बंद. असंच चालू ठेवलंत तर हात कायमचा अधू होईल."

सदरा कसाबसा अंगात चढवून संभाजी बाहेर आला.

"तुला कुनी बोलायला सांगितलं व्हतं?"

"कुनी न्हाई. मला तुमचा हात पायजे, म्हनून बोलले."

फाटकाशी टोळीचा मुकादम उत्तरेश्वर आणि दोघे हमाल काम टाकून आले होते.

"काय म्हनली डॉक्टरीण?" उत्तरेश्वरनं विचारलं. "खांदाच हाय न्हवं?"

मुक्ताईनं ओठ घट्ट मिटले. नवरा आता खोटं बोलला, तरी आपण तोंड उघडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

संभाजी सदऱ्याचं बटण लावत होता. ते काजात जाईना. दोनदा बोटांतून सुटलं. त्यानं उत्तरेश्वरकडं पाहिलं आणि हात खाली सोडला.

"तूच लाव गं," तो तिघांदेखत बायकोला म्हणाला.