ग्वेनिलीची तुळई

हसायचे तर आधीच हसून घ्या, मित्रांनो. मी शर्यतीत धावलेली एक जुनी शिडाची नौका आहे, आणि मला वेगाची भीती वाटते.

माझे नाव ग्वेनिली. जन्म फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोरियां बंदरातला. मला तीन अंगे आहेत, मध्ये एक मोठे आणि दोन्ही बाजूंना दोन सडपातळ. दोन आडव्या तुळया त्यांना धरून ठेवतात. बुडाशी वाकडे पंख आहेत. वारा भरला की ते मला पाण्याच्या वर उचलतात आणि मी मोटारीच्या वेगाने पळते. लोक त्याला उडणे म्हणतात. पण जड बुडाची साधी नौका कलंडली तरी पुन्हा सरळ होते. आम्ही तीनअंगी उलटलो की उलटलोच. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

स्वाझिक नावाच्या कारागीर बाईने मला घडवले. कार्बनचे काळे कापड राळेत भिजवून थरावर थर चढवायचे आणि भट्टीत भाजायचे, हे तिचे काम. माझा खलाशी रोनान. माणूस लाख चांगला, पण वजन कमी करण्याचे वेड असे की दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा त्याने कापून टाकली होती.

"पुढच्या तुळईतले दोन थर काढ," तो स्वाझिकला म्हणाला. "नऊ किलो वाचतील."

"नऊ किलो वाचवायचेत तर तू जेवण कमी कर. थर राहू देत."

"अगं, सगळे काढतात! मी काय मासे धरायला चाललोय?"

आठवडाभर तो तिच्या मागे लागला. शेवटी तिने थर काढले. एका पाहुण्याने होडीवर सशाचे नाव काढले म्हणून याच माणसाने त्याला खाली उतरवले होते. आमच्याकडे तो मोठा अपशकुन. थर काढायला लावताना मात्र त्याला काहीच वाटले नाही.

मी जिंकू लागले. धक्क्यावर टाळ्या पडू लागल्या. वेगात माझी तुळई घुमत असे, तेव्हा रोनान कौतुकाने म्हणे, "ऐका, ग्वेनिली गातेय!" मी गात नव्हते, मित्रांनो. भीतीने ओरडत होते.

मग अटलांटिक ओलांडायची शर्यत आली. माझ्यावर रोनान एकटाच. चौथ्या दिवशी आम्ही सर्वांच्या पुढे होतो. दुपारी एका लाटेवरून उतरताना तुळईत कट असा आवाज झाला. रोनान सरपटत आला आणि सुरीच्या मुठीने ठोकत गेला. टक, टक, टक. डाव्या सांध्यापाशी मात्र थप. आतले थर सुटले होते. त्याने उपग्रहावरून स्वाझिकला फोन लावला.

"थप वाजतंय."

"शीड उतरव. आत्ताच्या आत्ता."

"मी पहिला आहे, स्वाझिक!"

"हो, पहिला बुडशील."

त्याने फोन ठेवला, पण शीड तसेच राहू दिले. तो एक तास मी कधी विसरणार नाही. डावे अंग सुटले तर मी उलटणार आणि रोनान माझ्याखाली अडकणार. त्याच्याशी मला बोलता येत नाही. मी जिवाच्या आकांताने करकरले. मग भेग बोटभर उघडली, तेव्हा कुठे तो भानावर आला.

त्याने शीड उतरवले, दोरखंडांनी सांधा आवळून बांधला, आणि आम्ही वाटेतल्या अझोर्स बेटांकडे रांगत निघालो. सहा दिवस लागले. तो भेगेवर तळहात ठेवून बसे आणि पुटपुटे, "सोडू नकोस गं. धर." मी धरले. प्रत्येक लाटेला वाटे, ही शेवटची.

स्वाझिक विमानाने आधीच येऊन तिथल्या धक्क्यावर उभी होती. तो मान खाली घालून उतरला. तिने त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि तिथेच रडू लागली.

"तुझं चुकलं ते चुकलंच," ती म्हणाली. "पण मला ठाऊक होतं, रोनान. ठाऊक असून मी तुझं ऐकलं."

तिने माझी तुळई नव्याने घडवली, ते दोन थर घालून. शर्यतीत आता नव्या नौका धावतात आणि माझे नाव कुणी घेत नाही. मित्रांनो, तुमच्या वस्तूचा आवाज बदलला तर त्याचे कौतुक करू नका. थांबा, कान लावा. आणि ज्याला धोका ठाऊक आहे त्याने नाही म्हणावे, समोरचा रुसला तरी.

अजूनही निघण्यापूर्वी रोनान माझी तुळई ठोकत येतो. डाव्या सांध्यापाशी त्याचा हात अडखळतो. मी गारठते, तोही गारठतो. टक वाजले तरच तो शीड चढवतो.