डोमाजीची काटापट्टी

मी एक जुना लोखंडी काटा आहे. मला चार चाकं आहेत, त्यांतली तीन फिरतात. मधे माल ठेवायची फळी, पुढे उभा खांब आणि खांबावर आकडे कोरलेली पितळी दांडी. माल फळीवर चढला की दांडीवरचा गोळा सरकवायचा. दांडी मधोमध तरंगली की आकडा वाचायचा. माझं काम एवढंच, पण ते करताना मी जे पाहिलं ते भल्याभल्या न्यायाधीशांनी पाहिलं नसेल.

मित्रांनो, माझा जन्म एका ओतशाळेत झाला. गावाचं नाव विसरलो, भट्टीची आच तेवढी आठवते. वजनमाप खात्याच्या माणसाने माझ्या खांबावर शिक्का मारला तेव्हा मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! पुढे इचोड्याच्या बाजारातून बापूजी शेठनी मला विकत घेतलं आणि बैलगाडीत घालून तेलुगू मुलखातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, सावरखेडी या कापसाच्या गावी आणलं. माझ्यापुढे नारळ फोडला. फोडण्याआधी तो माझ्यावर तोलून घेतला, कारण बापूजींचा नारळवाल्यावर विश्वास नव्हता.

गावाचा बापूजींवर नव्हता. तो का नव्हता हे मी आज सांगून टाकतो, म्हातारपणी पोटात ठेवून काय करायचं? मी स्वतः कधी खोटं बोललो नाही. पण कापसाचं गाठोडं फळीवर चढलं की बापूजींच्या पायाचा अंगठा हळूच फळीखाली जायचा आणि तिला वर उचलून धरायचा. तीस वर्षं त्या अंगठ्याची बदनामी मी सोसली. लोक मला ‘चोर काटा’ म्हणत, शिव्या देत, आणि शिव्या देऊन झाल्या की हात पुढे करून म्हणत, “पट्टी द्या.”

पट्टी म्हणजे काटापट्टी. नाव, वजन, मालात ओलावा किती, कटती किती, म्हणजे ओलाव्यापायी किती वजन कापलं, आणि खाली घेणाऱ्याची सही. आमच्याकडे ही चिठ्ठी घेतल्याशिवाय माणूस कापसाचं बोंडसुद्धा हातातून सोडत नाही. माल गेला तर गेला, चिठ्ठी पाहिजे. लोक लग्नाच्या फोटोबरोबर पट्ट्या जपून ठेवतात.

मग लाल आकड्यांचा विजेचा काटा आला आणि माझे दिवस फिरले. मला गोदामाच्या कोपऱ्यात लोटलं. एका कोंबडीने माझ्या फळीवर अंडी घातली. मी तीही तोलली, जित्याची खोड.

त्याच सुमारास गावात एक वाईट गोष्ट घडली. गयाबाईचा एकुलता एक मुलगा जीवन, सव्वीस वर्षांचा, हसरा, गाठोडं एका हाताने उचलणारा. कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार चोरीला गेली म्हणून पोलिसांची जीप आली. “पाच मिनिटं चौकशी आहे,” म्हणाले. जीवन सकाळी दहाला गेला. दुसऱ्या दिवशी एक कागद आला: छातीत कळ येऊन मृत्यू. त्याला आंघोळ घालणाऱ्यांनी त्याची पाठ पाहिली होती. छातीतली कळ पाठीवर एवढ्या वळांनी उमटते हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं. मोटार पुढे त्याच विहिरीच्या गाळात सापडली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता. चौकशी बसली. ती अजून बसलेलीच आहे. ठाण्याच्या त्या साहेबाची बदली झाली.

तेव्हापासून आमच्या गावाने पोलिसांची जी धास्ती घेतली, तिला तोड नाही. हेल्मेटची माहितीपत्रकं वाटायला दोन शिपाई आले, तर सगळं गाव ज्वारीत जाऊन बसलं. शिपायांनी पत्रकं म्हशींपुढे ठेवली आणि गेले. एकाच्या शेळ्या चोरीला गेल्या, तर त्याने तक्रार केली नाही, उलट उरलेली शेळी घरात बांधली आणि कुणी विचारलं की सांगायचा, “दोनच होत्या, त्या पावण्यायले दिल्या.” खरा चोर आमच्याकडे सुखी होता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या वर्षी ऐन कापसाच्या मोसमात गावाच्या रोहित्रातली तांब्याची तार कुणी तरी कापून नेली. वीज गेली. विजेचा काटा डोळे मिटून बसला आणि बापूजींना माझी आठवण झाली. कोंबडीला हाकलून मला पुसलं, तेल घातलं, अंगणात आणलं. मी तर हरखूनच गेलो!

तिसऱ्या दिवशी सकाळी डोमाजी आपलं गाठोडं घेऊन आला. डोमाजी म्हणजे साठीचा, काडीसारखा, पण बोलण्यात दहा जणांना पुरून उरणारा. बरोबर त्याची बायको बयनाबाई. तेवढ्यात जीप आली आणि अमरदीप नावाचा शिपाई उतरला. अमरदीप इकडचाच, वाईट नव्हता. मान खाली घालून म्हणाला, “डोमाजीकाका, तार गेली त्या पहाटे तुमी रोहित्राजवळ दिसले म्हणतात. साहेबानं बोलावलं. पाच मिनिटं चौकशी आहे.”

पाच मिनिटं! अंगणातले सगळे हात जागच्या जागी थांबले. गयाबाईही त्या दिवशी कापूस घेऊन आली होती. तिच्या हातातलं गाठोडं खाली पडलं.

“पहाटे मानूस लोटा घेऊन काऊन जाते, हे तुमच्या साहेबाले माईत नाई का?” डोमाजी म्हणाला. पण आवाज नेहमीचा नव्हता.

बयनाबाई रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने नवऱ्याचं मनगट धरलं, त्याला ओढत आणलं आणि माझ्या फळीवर उभं केलं.

“बापूजी, तोला यायले. पट्टी फाडा.”

“अवं, मानसाची पट्टी?” बापूजी चाट पडले.

“मनभर कापूस देतानी पट्टी घेतो. एवढा अख्खा मानूस देऊन राह्यलो, अन् बिनापट्टीचा देऊ?” मग ती अमरदीपकडे वळली. “बाबू, आमचा माल ह्या घडीले साबूत आहे. घेनारा तू. सही कर, अन् घेऊन जा. परत आनशीन तवा ह्याच काट्यावर देजो.”

मित्रांनो, मी बापूजींच्या पायाकडे पाहत होतो. तीस वर्षांत पहिल्यांदा तो अंगठा फळीपासून हातभर लांब उभा होता. दांडी तरंगली. अठ्ठेचाळीस किलो दोनशे ग्रॅम. बापूजींनी पेन्सिल ओली केली.

“नाव?”

बयनाबाई लाजली. नवऱ्याचं नाव ती कशी घेणार? “बंडूचे बाप लिवा.”

बापूजींनी पट्टी लिहिली: ‘माल: बंडूचे बाप. वजन ४८ किलो २००. ओलावा नाही. डाव्या गुडघ्याला बैलाने मारल्याची जुनी खूण. दात अकरा. पाठ कोरी.’ पाठ कोरी हे शब्द लिहिताना त्यांनी सदरा वर करून स्वतः पाहिलं.

अमरदीप आधी हसला. मग त्याने भोवती पाहिलं. साठ-सत्तर माणसं मुकाट उभी होती, कुणाच्या हातात दगड नव्हता, काठी नव्हती. त्याने गुपचूप सही केली.

जीप निघाली आणि मागोमाग ट्रॅक्टर. ट्रॉलीत निम्मं गाव आणि मधोमध मी, दोरीने बांधलेला. बयनाबाई सारखी माझ्या खांबाला धरून होती. तिचा हात घामाने ओला झालेला मला कळत होता. एवढं अवघड ओझं माझ्यावर कधी कुणी टाकलं नव्हतं.

ठाण्यासमोर मला उतरवलं. नवे साहेब बाहेर आले. दुसऱ्या जिल्ह्यातले, तेलुगू बोलणारे, पोरसवदा. मला पाहून त्यांचे डोळे विस्फारले. “एंटिदी? ये क्या है?”

“काटा है साहेब,” बापूजी हात जोडून म्हणाले. “माल का रास्ता देख रहे.”

अमरदीपने चाचरत पट्टीची हकीकत सांगितली, माझं ‘चोर काटा’ हे नावही सांगितलं. साहेब भडकले. “कापूसवाले का काटा! तुम लोग ही इसको चोर बोलते हो ना? उस पे भरोसा है, पुलिस पे नहीं?”

बयनाबाई पुढे झाली. “चोर आहे साहेब. पावशेर मारते. पर ह्याच्यावर चढलेला मानूस जित्ता उतरते.”

माझ्या आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यांत मोठी शाबासकी. लोखंडाला रडता येत नाही म्हणून बरं.

साहेब आत गेले. पुढचं मी उघड्या खिडकीतून पाहिलं. डोमाजीला बाकावर बसवलं, काय पाहिलं ते विचारलं. तो लोटा घेऊन गेला आणि लोटा घेऊन आला. त्याने काही पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांत चौकशी संपली. पण जबाब तेलुगूत लिहिणारा हवालदार तालुक्याला गेला होता, तो येईतो थांबणं भाग होतं. दुपार झाली. अमरदीपने इडलीची ताटली पुढे केली.

“आज सोमवार हाय. उपास,” डोमाजी म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे. मित्रांनो, सहा तास उपाशी राहिलेला माणूस किती उतरतो याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आणि बाहेर साठ माणसं, साठ मोबाईल.

“थोडा उपमा खाओ, काका.”

“उपास, साहेब.”

“दूध?”

“दूध बाधते मले.”

ज्या ठाण्याचं नाव घेतलं की गाव ज्वारीत लपायचं, त्या ठाण्याचा साहेब डोमाजीची दाढी धरायचा तेवढा बाकी होता. अखेर अमरदीप धावत जाऊन उपासाला चालणारी केळी घेऊन आला. भाव खात डोमाजीने ती सावकाश संपवली, एक, दोन, सहा. वर तांब्याभर पाणी. त्याची भीती कुठल्या कुठे पळाली होती. “बिस्किट नको,” तो म्हणाला, “अजून एक केळ चालंल.”

चार वाजता त्याला बाहेर आणलं. साहेब स्वतः बरोबर आले. डोमाजी माझ्यावर चढला. बापूजींनी गोळा सरकवला. दांडी तरंगली.

एकोणपन्नास किलो दीडशे.

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. पण गावाने आकडा पुन्हा वाचला. सांधे बसवणारी वच्छलाबाई गर्दीतून पुढे आली. “वाढला काऊन?” ती म्हणाली. “ठान्यात जाऊन कोनी वाढते का? ही सूज आहे. मुका मार! माराची सूज!”

झालं. डोमाजीला खाली बसवला, सदरा काढला, पाठ दाबली, तळवे दाबले. तो गुदगुल्या होऊन हसायला लागला, तर वच्छलाबाई म्हणाली, “पाहा, डोस्क्यावर बी मारलं.”

“केळं हाय ते! सात केळं! अन् पानी!” डोमाजी ओरडत होता.

“पुरावा?” बयनाबाईने विचारलं.

तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. दिवसभरात तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, अमरदीपला खूण केली, आणि अमरदीपने आतली कचऱ्याची टोपली आणून माझ्या फळीवर उपडी केली. सात सालं मोजली गेली. बापूजींनी हिशेब मांडला, पट्टीवर शेरा मारला: ‘वाढ: केळी व पाणी. कटती नाही. पाठ कोरी. माल मिळाला.’ बयनाबाईने अंगठा उमटवला आणि मग कुठे ती ठाण्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली. डोमाजी तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि काय करावं ते न सुचून तिला तांब्यातलं पाणी पाजू लागला.

मग सगळे हसले. साहेबही हसले. कुणी तरी मला पुन्हा ट्रॉलीवर चढवायला दोरी आणली.

तेव्हा गयाबाई पुढे आली. ट्रॉलीतून तीही आली होती. तिने हात माझ्या दांडीवर ठेवला, तशी दांडी खाली टेकली.

“बयना,” ती म्हणाली, “मले त्या दिवशी हे काऊन नाई सुचलं वं? पोरगा बिनापट्टीचा देऊन देल्ला मी. जीपीत बसला तवा मी त्याले म्हनलं, लवकर येजो, भाकर निवते.”

बयनाबाईने तिला जवळ घेतलं. साहेबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं. ते मावळायला फार वेळ लागला. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि आत निघून गेले. तो गुन्हा त्यांचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण खुर्ची तीच होती.

मित्रांनो, गयाबाईला मला सांगायचं होतं, की बाई, तुझं काही चुकलं नाही. पोराला बाहेर पाठवताना आईला भाकरी सुचते, काटा सुचत नाही. काटा सुचावा लागतो हीच सरकारची लाज आहे. पण मला वाचा कुठे आहे? मी आपला आकडा दाखवतो.

आता आसपासच्या चार गावांतून माझ्यासाठी ट्रॅक्टर येतात. माझं नाव झालं आहे. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, की आम्हाला भंगारात देऊ नका, जपा. मी वेगळं मागतो. ठाण्यात बोलावलेल्या माणसाच्या घरचे ज्या दिवशी नुसतं एवढंच म्हणतील, की लवकर ये, भाकरी निवते, आणि तो खरोखरच भाकरी निवायच्या आत परत येईल, त्या दिवशी मला खुशाल भंगारात द्या. मी आनंदाने वितळेन.

तोवर मात्र मला गंज चढू देऊ नका. दर सोमवारी माझ्या सांध्यांना तेल पडतं. गयाबाई येऊन घालून जाते.